चंदरीचं माहेर

त्रेपन्न सालची गोष्ट. कार्तिकभर दाव्याला बांधून ठेवूनही चंदरी कुत्री गाभण राहिली आणि सिंदी मेघे गावच्या आनंदाबाईंचं डोकं फिरलं. चंदरी चार वर्षांपूर्वी त्यांच्या सुनेबरोबर, सुंदराबरोबर, तिच्या माहेराहून, गिरडहून, पिल्लू म्हणून आलेली. सुंदराशिवाय कुणाला अंगाला हात लावू देत नसे.

"पयलं बाळंतपण मायेरी असते," आनंदाबाई सुनेवर करवादल्या. "तुह्या भावाले निरोप धाड. मले घरात पिल्लं नाई पाहिजेत."

दसऱ्यापासून गिरडला सुंदराची माय अंथरुणाला खिळली होती. पण "पयल्या बाळंतपणालेच जाजो" म्हणत सासू सुंदराला माहेरी सोडत नव्हती, आणि तिची कूस काही उजवत नव्हती.

"ते चावते, आत्याबाई," सुंदरा हळूच म्हणाली. "बैलबंडीत धरून बसाले मले जावं लागन."

"जाजो मंग," आनंदाबाई नाइलाजाने म्हणाल्या.

आठवड्याने भाऊ कवडू बंडी घेऊन आला. सुंदरा गाठोडं घेऊन ओसरीवर येते न येते, तोच चंदरी आपणहून बंडीत चढली. कवडूचे हात तिने हुंग हुंग हुंगले आणि त्याच्या मांडीवर डोकं टेकून डोळे मिटले.

"आता तुहं काय काम?" आनंदाबाई म्हणाल्या. "जाय, कापूस वेचाले जाय."

बंडी वळणाआड गेली. चंदरीचं दावं सुंदराच्या हातातच राहिलं.



कार्तिकात, गावची कुत्री दाराशी घोटाळत असताना, तिनेच ते सोडलं होतं.