खोटा दाखला

"आमच्या मिलमध्ये विद्येला देवाची जागा आहे," शेठ म्हणाले, आणि त्यात खोटं काही नव्हतं. सुरतजवळच्या पांडेसरातल्या त्या मिलमध्ये देवालाही पगार नव्हता. त्याला एका कोपऱ्यात बसवलं होतं आणि मशीन बंद पडलं की त्याची आठवण व्हायची.

शेठच्या टेबलासमोर चंचल उभी होती. टेक्स्टाईल डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाची मुलगी. तिचं सहा महिन्यांचं बिनपगारी ट्रेनिंग आज संपत होतं. शेजारी तिचा बाप चिंधा. याच मिलमध्ये कापड रंगवायच्या मशीनवर त्याला बारा वर्षं झाली होती, पण केबिनमध्ये तो आज पहिल्यांदाच आला होता. म्हणून निळे झालेले हात त्याने पाठीमागे धरले होते.

शेठनी दाखला पुढे केला. चंचलने तो दोनदा वाचला.

"शेठजी, एक विनंती होती."

"बोल दीकरी. मागशील ते."

"यात 'प्रशिक्षण घेतले' असं लिहिलंय. 'लॅबमध्ये काम केले' असं लिहून द्याल का? सोमवारी कामरेजला एका मिलमध्ये इंटरव्ह्यू आहे. त्यांना सहा महिन्यांचा कामाचा अनुभव हवाय. शिकाऊंनी येऊ नये, असं जाहिरातीत छापलंय."

शेठ हसले. स्वभावाने चांगला माणूस. नाही म्हणायच्या आधी नेहमी हसायचा.

"पण तू तर शिकत होती ना?"

शिकत होती, हे खरं. पहिले पाच आठवडे लॅबमधल्या सुकलालने तिला शिकवलं. व्यापाऱ्याने आणलेला कापडाचा तुकडा खिडकीच्या उजेडात कसा धरायचा, त्यात कुठला रंग किती असेल हे कसं ओळखायचं, जुळेपर्यंत छोट्या भांड्यात पुन्हा पुन्हा कसं रंगवून बघायचं, सगळं. सुकलालने हातचं न राखता शिकवलं आणि पोरगी भराभर शिकली. त्यामुळे मॅनेजरच्या लक्षात आलं, की लॅबमध्ये शेड जुळवणारी दोन माणसं आहेत आणि त्यांतल्या एकाला विनाकारण पगार जातो. सुकलाल हल्ली नंदुरबारला असतो.

"सुकलालभाऊ गेल्यापासून प्रत्येक शेडकार्डावर माझी सही आहे," चंचल म्हणाली. "राणी कलरचा लॉट परत आला तेव्हा मॅनेजरसाहेबांनी मला मेमो दिला. लेखी. शिकणारीला मेमो देतात का?"

मॅनेजर बाजूलाच उभे होते. ते भिंतीवरचं १९९६ सालचं कॅलेंडर पाहू लागले.

"अरे, मेमो पण शिक्षणच आहे," शेठ म्हणाले. "बाहेर नोकरी लागल्यावर मिळतो. तुला आधीच मिळाला."

चिंधा लेकीकडे झुकला. "एक शब्दकरता कसाले भांडस, माय? शेठना पाय पड नि चाल आते."

"एका शब्दावर नोकरी अडलीय, बाबा."

चिंधाने पाठीमागचे हात पुढे आणले आणि जोडले.

"शेठ, पगार नको. मागचा नको, काहीच नको. नुसतं लिखी द्या."

शेठ खुर्चीत पुढे सरकले. त्यांना खरोखर वाईट वाटलेलं दिसलं.

"चिंधाभाई, तू तर जुना माणूस. काम केलं असं लिहिलं तर हजेरीत नाव पाहिजे. हजेरीत नाव आलं तर पगारपत्रकावर सही पाहिजे. तिथं तर हिची एक पण सही नाही! मग माझा दाखला खोटा ठरला ना? ही मिल सुरू झाल्यापासून मी खोट्या कागदावर सही केली नाही."

मॅनेजरनी कॅलेंडरचं पुढचं पान उलटून पाहिलं.

"मग मला सुकलालभाऊंच्या जागेवर घ्या," चंचल म्हणाली. "सोमवारपासून. पगारावर. कामरेजला जायलाच नको."

चिंधाने आधी लेकीकडे पाहिलं, मग शेठकडे.

"घेतली असती," शेठ म्हणाले. "देवाशप्पथ, घेतली असती. तुझ्यासारखी नजर या लाईनमध्ये कोणाची नाही, मी मार्केटमधल्या पार्टीला पण सांगतो. पण सोमवारी तुझ्याच कॉलेजची तीन मुलं येतात. गरिबाची मुलं आहेत. त्यांना शिकायचं आहे. त्यांचा हक्क मी कसा मारू?"

चंचलने दाखल्याची घडी घातली. चिंधा सवयीने शेठच्या पायांकडे वाकला. मध्ये टेबल होतं, म्हणून टेबलाला हात लावून त्याने तो कपाळाला लावला.

दोघं वळतात तोच दार उघडलं. मार्केटमधला एक व्यापारी घाईघाईने आत आला. त्याने मोरपंखी रंगाच्या कापडाचा बोटभर तुकडा टेबलावर टाकला आणि घड्याळाकडे पाहिलं. शेठनी तुकडा उचलला, उजेडात धरला, डोळे बारीक केले. मग मॅनेजरकडे पाहिलं. मॅनेजरनी नकारार्थी मान हलवली.

"दीकरी," शेठनी दारापर्यंत गेलेल्या चंचलला हाक मारली, "जाता जाता एवढी एक शेड जुळवून दे ना."