पाचव्या दिवशी फस्त

दाउवेच्या कारखान्याला एक नवं रसायन बनवायचं होतं. पाण्यातले जिवाणू ते खाऊन संपवतात हे सिद्ध झाल्याशिवाय परवानगी मिळणार नव्हती, आणि ती चाचणी नेमकी त्याच्या बायकोच्या, योकेच्या प्रयोगशाळेत आली. तिनं गावच्या सांडपाण्यातले जिवाणू बाटल्यांत सोडले. मुदत अठ्ठावीस दिवसांची, पण पाचव्याच दिवशी रसायन फस्त!

"कधी न चाखलेला पदार्थ जिवाणू इतक्या लवकर खातात होय?" तिची वरिष्ठ वित्स्के म्हणाली. "नवऱ्यासाठी बाटलीत काय कालवलंस, बाई? नोकरी जाईल हं तुझी."

"बायबलवर हात ठेवून सांगते, काही नाही."

"हात नको ठेवूस. माझ्यासमोर सगळं पुन्हा कर."

या वेळी बाटल्यांना सील वित्स्केनंच लावलं. निम्म्या बाटल्यांत गावचे जिवाणू होते, निम्म्यांत दूरच्या बेटावरून आणलेले. बेटावरच्यांनी अठ्ठावीस दिवसांत रसायनाला तोंडही लावलं नाही. गावच्यांनी मात्र पुन्हा पाच दिवसांत ते संपवलं.

"चुकलं गं माझं," वित्स्के पुटपुटली. "तू काहीच केलं नव्हतंस."

योकेला मात्र हायसं वाटेना. संध्याकाळी वाटाण्याचं दाट सूप वाढता वाढता तिनं नवऱ्याकडे पाहिलं.



"दाउवे, तुम्ही लोक ते आपल्या गावच्या गटारात कधीपासून सोडताय?"