घरी न्यायला माणूस

"सोबत कोण आलंय?" दातांच्या दवाखान्यात काउंटरवरच्या लोरेटाबाईंनी मान वर न करता विचारलं.

"मामा," डेलिया म्हणाली.

लोरेटाबाईंनी मान वर केली. मामांनी हिरवा पायघोळ झगा घातला होता. डोक्यावर फोमचा टोकदार मुकुट, हातात प्लॅस्टिकची मशाल. शेजारच्या चौकात टॅक्स भरून देणाऱ्या दुकानासमोर हेच गृहस्थ सकाळपासून दुकानाची जाहिरात म्हणून पुतळ्यातली स्वातंत्र्यदेवी होऊन येणाऱ्याजाणाऱ्या गाड्यांना हात करत होते. मार्च महिना, टॅक्स भरायचे दिवस, अशा देव्या चौकाचौकांत उभ्या असतात; त्यामुळे झग्याबद्दल लोरेटाबाईंना काही वाटलं नाही.

"सख्खे?"

"एकदम," मामा म्हणाले. त्यांचं नाव अर्विन. हे डेलियाला दहा मिनिटांपूर्वी त्या चौकात कळलं होतं, आणि तिचं नाव त्यांनी आत्ता फॉर्मवर वाचलं.

दाढ काढताना गुंगी देतात. गुंगी दिलेल्या माणसाला घरी न्यायला कोणीतरी सज्ञान माणूस लागतो. टॅक्सी चालत नाही, बस चालत नाही. गेल्या आठवड्यात डेलिया एकटीच आली, तर दवाखान्याने तिला दुखऱ्या दाढेसकट परत पाठवलं होतं. आज हुकलं असतं तर पुढची तारीख जुलैची. ती स्वतः तीन आठवड्यांपूर्वीच सज्ञान झाली होती. अठरा पूर्ण झाली, केक कापला, आणि सांभाळायला कोणी नसलेल्या मुलांना सरकार ज्या परक्या घरांत ठेवतं, त्यातलं तिचं सातवं घर सुटलं. कायद्याने ती आता कोणालाही घरी नेऊ शकत होती. फक्त स्वतःला नाही.

"तासभर लागेल," लोरेटाबाई म्हणाल्या. "झगा काढून बसा हवं तर."

"आत नुसती बंडी आहे, बाई."

"मग राहू द्या."

तासाने डेलियाला चाकाच्या खुर्चीतून बाहेर आणलं. गाल फुगलेले, तोंडात कापूस, डोळे अर्धे मिटलेले. लोरेटाबाईंनी मामांना सूचना वाचून दाखवल्या. आईस्क्रीम चालेल. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. दर दोन तासांनी बघायचं. आजची रात्र एकटं सोडायचं नाही. मामा प्रत्येक वाक्याला "हो" म्हणाले आणि त्यांनी सही केली. नात्याच्या रकान्यात 'मामा' लिहिलं, तेही न अडखळता.

गाडीत मशाल मांडीवर घेऊन त्यांनी विचारलं, "बोल पोरी. कुठे सोडू?"

"चारशे बारा, ॲल्डर स्ट्रीट," डेलिया कापसातून म्हणाली. "मागच्या दाराने."

मामांनी गाडी सुरू केली.

"बावीसशे सहा, पाइक रोड. कुत्रं बांधलेलं असतं."

मामांनी गाडी बंद केली.

"एकोणीस, क्विन्सी कोर्ट. किल्ली कुंडीखाली. सातशे तीस, हार्लन ॲव्हेन्यू, वरचा मजला. बूट बाहेर काढायचे."

ती थांबली तेव्हा सात पत्ते झाले होते, पिनकोडसकट.

"एवढे पाठ कसे गं?"

"पहिल्याच दिवशी पाठ करून घेतात. प्रत्येक घरात. हरवलं तर सांगता यावा म्हणून."

"आणि आत्ता राहतेस कुठे?"

डेलियाने पुन्हा चारशे बारापासून सुरुवात केली आणि सातव्या पत्त्यावर अडकली. तिच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण ते गुंगीनेही येतं असं सूचनांच्या कागदावर लिहिलं होतं. मामांनी तो कागद उलटा केला. मागे तिच्या फॉर्मची प्रत होती.

"अठराशे नऊ, वीव्हर रोड, खोली चौदा," त्यांनी वाचलं आणि गाडी पुन्हा सुरू केली. "म्हण."

"अठराशे चौदा..."

"अठराशे नऊ. खोली चौदा. म्हण."

दोन सिग्नल जाईपर्यंत तिने तो पाच वेळा चुकवला. तिसऱ्या सिग्नलला बरोबर म्हटला. मामांनी पुन्हा म्हणायला लावला. पुन्हा बरोबर आला.

"मामा," ती खिडकीवर डोकं टेकवून म्हणाली, "हरवले तर हा सांगायचा कोणाला?"

सिग्नल लाल होता. शेजारच्या गाडीतून एका लहान मुलीने स्वातंत्र्यदेवीला हात केला. मामांनी सवयीने मशाल उंच केली आणि सिग्नल हिरवा होऊन मागचे हॉर्न वाजायला लागले तरी ती तशीच धरून ठेवली.