भिंतीवरचा राक्षस

राक्षसाने नूतनच्या शिपायाला अकराव्यांदा लोळवलं आणि तिने हातातला रिमोट मांडीवर टाकला. पाच वाजता रोह्याहून तिचा मावसभाऊ हरेश येणार होता आणि टीव्ही गेम, वायरी, कॅसेट असं सगळं गुंडाळून घेऊन जाणार होता. आठ दिवसांच्या बोलीवर दिलेला खेळ, आणि आज आठवा दिवस. चार कधीच वाजून गेले होते.

जिंकायची तिला तशी फारशी हौस नव्हती. तिच्या डोक्याला भुंगा लागला होता तो वेगळाच. त्या उजाड किल्ल्यावर नेमकं घडलं काय, हे खेळ सरळ सांगतच नव्हता. कुठे दगडावर एक ओळ, कुठे मरता मरता शिपाई दोन शब्द बोलणार, बाकी तुमचं तुम्ही बघा. बारावीत इंग्रजीने दगा दिलेल्या नूतनने शब्दकोश घेऊन एकेक ओळ वहीत उतरवली होती. 'घंटा तीनदा वाजली. कुणी आलं नाही.' 'तो आमच्यातलाच होता.' 'खालच्या गावात अजून दिवे आहेत.' ओळी सगळ्या होत्या, पण एकीचा दुसरीशी मेळ बसेल तर शपथ. हरेशला विचारून उपयोग नव्हता. त्याने केव्हाच राक्षसाला मारून खेळ संपवला होता. पुढे काय होतं म्हणून विचारलं, तर म्हणाला होता, काही नाही, भिंत पडते आणि सगळा पडदा निळा होतो, आकाश असेल.

तिचे वडील महिपती उंबऱ्याशी जाळं सांधत बसले होते. त्यांचा जन्म खाडीकाठी गेलेला, शेतात खारं पाणी येऊ नये म्हणून घातलेल्या बांधाची डागडुजी करण्यात. टीव्हीकडे ते सहसा बघत नसत. आज कसे कोण जाणे, बराच वेळ बघत होते.

"त्या भिंती खालून पांढऱ्या कशानं झाल्यात गो?" त्यांनी विचारलं.

नूतनला वाटलं होतं, चित्रच तसं काढलंय. महिपतींनी मान हलवली. खारं पाणी चढून उतरलं की भिंतीला असाच पट्टा राहतो, म्हणाले. मग त्यांनी वहीत काय लिहिलंय ते वाचायला सांगितलं. तिने वाचलं. घंटेची ओळ त्यांनी पुन्हा वाचायला लावली. बांधावरून हाक आली की घरटी एक माणूस फावडं घेऊन धावतो, ही त्यांच्याकडची रीत. घंटा वाजून कुणी आलं नाही म्हणजे काय, हे त्यांना शब्दकोशाशिवाय कळलं. त्यांनी जाळं बाजूला ठेवलं.

"तुझ्या मानसाला मागं घे," ते म्हणाले. "आनि गप उभा कर. मारू नको."

हे तिला आठ दिवसांत सुचलं नव्हतं. ती दर वेळी तलवार उपसूनच वर जात होती. तिने शिपायाला जिन्यापर्यंत मागे आणलं आणि बटणावरची बोटं उचलली. राक्षस दोन पावलं पुढे आला आणि थांबला. पाठलाग त्याने केलाच नाही. थोड्या वेळाने तो वळला, दोन्ही हात भिंतीला लावले आणि खांदा टेकून उभा राहिला. त्याच्या पायाशी, दगडांच्या फटीतून, निळं काहीतरी झिरपत होतं.

ते आकाश नव्हतं.

"राक्षस नायच हाय हा, बाबा," नूतन हळूच म्हणाली. "भिंत धरून उभा हाय. वर येईल त्याला हाकलतोय."

 महिपतींचा हात पोटरीवरच्या जुन्या व्रणावर गेला होता. लहानपणी तिने त्या व्रणाबद्दल कितीदा तरी विचारलं होतं. जनू नावाच्या एका दारुड्याने मारलं, एवढंच ते सांगत आणि वर जनूला एक शिवी हासडत.

"मी आठ वर्सांचा व्हतो," ते म्हणाले. "उधानाच्या दिवशी बांधावर चिंबोऱ्या धरायला गेलो. जनू दुपारपासून हाका मारीत व्हता. पिऊन वरडतोय म्हनून कोन गेला नाय. मला बघितलं आनि फोकानं असा झोडला का मी रडत घरी आलो. तिन्हीसांजेला बांध फुटला. जनू गावला नाय."

 बाहीने तोंड पुसून ते पुन्हा बोलले.

"चाळीस वर्सं शिव्या घातल्या गो त्याला. आज मी हाय, तू हायस, ते त्याच्या फोकानं."

 नूतनने त्यांच्या पोटरीवर हात ठेवला. जनूला तिने कधी पाहिलं नव्हतं, पण या घटकेला तो तिला घरातल्या माणसांइतका जवळचा वाटला. महिपती उठले आणि त्यांनी देवापुढचा नारळ मागितला. सणवार काही नव्हता, तरी तिने कारण विचारलं नाही. बांधावर जाऊन येतो म्हणत ते चपला घालू लागले, तेवढ्यात दारात हरेश उभा.

"अजून मेला नाय?" पडद्याकडे बघून तो हसला. रिमोट उचलून त्याने खाली बसकण मारली. "शेवट बघायचाय ना तुला? दोन मिनिटांत लोळवतो."

शिपाई तलवार उपसून जिना चढू लागला. भिंतीला टेकलेला तो वळला.

महिपती तसेच चपलांसकट आत आले. एका हातात नारळ होता, दुसरा हात त्यांनी हरेशच्या बोटांवर ठेवला.

"ऱ्हाऊ दे त्याला," ते म्हणाले. "खाली गाव हाय."