पाटीवरची भरती

मालवणच्या भरती-ओहोटीच्या वेळा सांगणारा ह्यांनी लिहिलेला प्रोग्रॅम लिनक्स ह्या संगणकप्रणालीसोबत फुकट मिळायचा. हे गेल्यावरही मी रोज सकाळी त्यातली वेळ दारातल्या पाटीवर खडूने लिहायची. लिनक्सच्या कामात हातभार लावणारी आमची वर्षाली सुट्टीवर आली, म्हणाली, “आई, नव्या आवृत्तीतून बाबांचा प्रोग्रॅम काढतायत. सांभाळायला माणूस नाही. कुणी वापरतं का म्हणून विचारलं, तर उत्तर नाही. तक्रारसुद्धा नाही.” “तक्रार कशाला हवी?” “वापरणाराच तक्रार करतो ना!” तेवढ्यात होडी लावून आलेले सहदेवभावजी पाटीसमोर थांबले. ह्यांच्याशी भांडायचे तसेच ओरडले, “वैनी, तुमचो कॉम्प्युटर आज पण चुकलो! भरती कधीच इली!” वर्षालीने कीबोर्ड ओढला. “तक्रार मिळाली. आता दुरुस्त करणाऱ्याचं नाव हवं.” मी मासळीचे हात धुतले, ह्यांच्या खुर्चीत बसले. “माझं घाल. भावजी, आम्ही किती मिनिटांनी चुकलो, सांगा.”