वर्गातलं दुसरं नाव

“काका, यंदाही जुन्या गाड्यांच्या वर्गात तुम्ही एकटेच. दोन नावं नसतील तर वर्ग रद्द,” शर्यतीच्या टेबलावरची नोंदणीवाली म्हणाली.

पेठकरांनी आपल्या फियाटच्या बॉनेटवरून हात फिरवला. वीस वर्षं या वर्गात नाडगौडा पहिला, पेठकर दुसरे. तिसरं कुणी नसेच. नाडगौडाने गाडी विकली आणि तीन वर्षं वर्ग भरलाच नाही.

“पण यंदापासून एकच गाडी दोघांना चालवता येते,” ती म्हणाली. “एकामागून एक धावायचं, वेळ मोजायची.”

पेठकरांनी तिथूनच फोन लावला. “नाडगौडा, हेल्मेट घेऊन ये. माझी गाडी चालव.”

“तुझ्याच गाडीत तुला हरवू? डोकं ठिकाणावर आहे ना?”

“तीन वर्षं हरलो नाही रे,” पेठकर म्हणाले. “करमत नाही.”