काचेपलीकडची मॅच

“आईला जाऊन सहा महिने झाले. किती दिवस तोंड पाडून बसणार?” म्हणत लेकीने आईचा कॅमेरा बाबांच्या गळ्यात अडकवला आणि त्यांना स्क्वॉशच्या स्पर्धेला पिटाळलं. बाबांना ना खेळ कळत होता, ना कॅमेरा. काचेच्या कोर्टासमोर बसून ते दिवसभर बटण दाबत राहिले.

संध्याकाळी फोटो बघून लेकीने कपाळाला हात लावला. “बाबा, खेळाडू सगळे पुसट! काचेतलं तुमचंच प्रतिबिंब तेवढं ठसठशीत आलंय.” मग ती थबकली. “आणि डोळ्याला लावलेल्या कॅमेऱ्याखाली चक्क हसताय! आई जन्मभर ‘जरा हसा’ म्हणून ओरडली, तेव्हा कधी हसला नाहीत.”

“पुसून टाक ते,” बाबा घाईघाईने म्हणाले.


“ती गेल्यावर हसायला लागलो हे तिला कळलं, तर वर माझी खैर नाही.”